पुण्यातले हौशी नेमबाज: उसनं जॅकेट, एम-सील लावलेली ग्रिप आणि इतर सामानचर्चा

कर्वेनगरी

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) ब्राँझ मिळालं, तेव्हापासून आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नव्या माणसांची जी वर्दळ सुरू झाली ती अजून ओसरलेली नाही. चांगलंच आहे. तेव्हा मध्य रेल्वेत टीसी असलेला, बालेवाडीत सराव करणारा, त्यामुळे पुणेकरांना तो घरचा वाटतो. कोल्हापूरकरांनी रागावू नये, मूळ मालकी तुमचीच. पण येणारा जो तो बूट काढायच्या आधी विचारतो, "कुठली बंदूक घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं वर्षभर काही घेऊ नका. रेंजचं वापरा, दुसऱ्याचं मागा. फार हात शिवशिवत असतील तर बूट आणि चष्मा घ्या.

मी पिस्तूलवाला, तेव्हा पिस्तुलाबद्दल बोलतो. १० मीटर एअर पिस्तूल म्हणजे ६० गोळ्या, ७५ मिनिटं, उभ्यानं, एका हातात. त्याआधी तयारी आणि सायटरला (गुणांत न धरायच्या सरावाच्या गोळ्यांना) १५ मिनिटं. पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचं आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा. ऐकायला सोपं वाटतं. दीड किलोची पिशवी खांद्याच्या रेषेत लांब धरून अर्धा मिनिट उभे राहा, मग बोलू.

स्टायर, मोरिनी, वाल्थर, फाईनवर्कबाऊ, पार्डिनी यांतल्या कुठल्याही कंपनीचं चांगल्या अवस्थेतलं मॅच (स्पर्धेचं) पिस्तूल तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी अचूक असतं. फरक पडतो ग्रिपमुळे, म्हणजे लाकडी मुठीमुळे. ती हाताला बसली की नाही हे बघायची पद्धत अशी: पिस्तूल रिकामं, डोळे मिटून उचला, हात थांबला की डोळे उघडा. पुढची साईट (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. एका बाजूला सरकलेली दिसत असेल तर दर गोळीला मनगट वळवून ती मध्ये आणावी लागेल, आणि चाळिसाव्या गोळीपर्यंत मनगट संपावर जाईल.

अशा वेळी ग्रिप सोडवून घरी न्यायची. एम-सील मळून तळव्याच्या खळग्यात भरायचं, वर पातळ प्लास्टिक ताणून घ्यायचं आणि पिस्तूल धरतो तशी पकड घेऊन थोडा वेळ शांत बसायचं. घट्ट आवळायचं नाही, नाहीतर आवळलेल्या हाताचा साचा होतो. रात्रभर वाळलं की सँडपेपर. थोडं घासायचं, धरून बघायचं, परत घासायचं. आमच्याकडे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या ग्रिपवर लाकूड किती आणि एम-सील किती यावर पैजा लागतात. फक्त मनगटाला आधार मिळेल इतकं वर चढवू नका, नियमात बसत नाही.

हे प्रयोग दोन लाखांच्या नव्या कोऱ्या पिस्तुलावर करायला कुणाचा हात धजत नाही. रेंजच्या जुन्या, चार हातांतून गेलेल्या ग्रिपवर धजतो. म्हणून म्हणतो, आधी उसनं. पाच जणांची पिस्तुलं धरून बघितली की आपल्याला काय हवं ते हातालाच कळतं. पुण्यात मला अजून "दाखवत नाही जा" म्हणणारा नेमबाज भेटलेला नाही.

बाकीच्यांनी भर घाला. रायफलवाल्यांनी विशेष.

---

सदाशिव_पेठी

"दाखवत नाही जा" म्हणणारा भेटला नाही? या एकदा आमच्या पेठेत. :)

लेख झकास. वाचनखूण साठवली.

---

डावा_डोळा

तो मी. मी माझं पिस्तूल कुणाला देत नाही आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

कारण सांगतो. ट्रिगरचा पहिला टप्पा कुठे संपतो, दुसरा किती कडक, ब्लेड (बोट टेकतं ती पट्टी) किती पुढे, हे सगळं मी महिनोन्‌महिने जुळवलेलं असतं. एका परिचितानं "जरा बघतो" म्हणून घेतलं आणि स्क्रू फिरवून ठेवला. बोलला नाही. स्पर्धेच्या सकाळी वजन लावून तपासायला गेलो तर ट्रिगर ५०० ग्रॅम उचलेना. तिथेच कोपऱ्यात ॲलन की घेऊन बसलो. वेळेत निस्तरलं म्हणून, नाहीतर घरी.

धरून बघा, हवी तितकी ड्राय प्रॅक्टिस (छर्रा न भरता) करा, मी शेजारी उभा आहे. पण स्क्रूला हात नाही आणि घरी न्यायचं नाही.

---

कर्वेनगरी

@डावा_डोळा, मान्य. मागणाऱ्यानंही पथ्य पाळायला हवं. ॲलन की मालकाच्या हातात, हा नियम आजपासून.

---

आधी_श्वास_मग_ट्रिगर

रायफलवाल्यांना हाक मारलीत म्हणून लिहिते.

पहिलं वर्ष काही घेऊ नका हे पिस्तुलाला ठीक. रायफलमध्ये बंदूक उसनी चालते, जॅकेट चालत नाही. रायफल बरीच जुळवता येते: बट प्लेट (खांद्याला टेकते ती) पुढे-मागे, गालाची पट्टी वर-खाली, सगळं. साडेपाच किलोची मर्यादा सांभाळली की झालं. जॅकेट मात्र शिवलेलं असतं. दुसऱ्याचं घातलं तर कंबरेच्या हाडावर कोपर टेकतं तिथे नेमका पोकळ फुगा येतो आणि रायफल दर श्वासाला डोलते. आमचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. डोलून चालत नाही.

आणि तरीही उसन्या जॅकेटवर मी एक राज्य पातळीची स्पर्धा खेळले आहे, ते ऐका.

इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेआधीच्या सामानतपासणीला) जॅकेटचा ताठपणा मोजतात. ६० मिलिमीटर व्यासाच्या गोल तोंडाचं यंत्र कापडावर ठेवतात, एक किलोचं वजन पडतं, आणि कापड निदान ३ मिलिमीटर दबायला लागतं. माझं पाठीवर एका जागी दबेना. नवं कॅनव्हास, त्यात हॉलमधला एसी असा की माणसंही ताठ झालेली. बाहेर उन्हात नेऊन, गुंडाळून, गुडघ्यानं तुडवून परत आणलं, तरी नाही. तपासणारे काका सज्जन होते पण काटा काटा असतो.

मी बाकावर बसले होते. शेजारी नाशिककडची एक मुलगी बॅग भरत होती. माझ्याच रिलेत (एकाच वेळी खेळणाऱ्या तुकडीत), माझ्याच वयोगटात, म्हणजे सरळ सरळ प्रतिस्पर्धी. तिनं माझ्या खांद्यांकडे एकदा शिंप्यासारखं बघितलं आणि स्वतःचं जुनं जॅकेट बॅगेतून काढून दिलं. "तपासून आणलंय, बटणं तेवढी सरकवून घे." बटणं सरकवायला सुई-दोरा पण तिच्याकडेच! तिच्या आईनं टाके घातले, मी उभी, अंगावरच. "तोंडात काडी धर" म्हणाल्या, अंगावर शिवताना धरतात ना, तशी.

तिच्यापेक्षा माझे गुण जरासे जास्त आले. तीच सांगत आली, "आता जॅकेट परत दे."

आता आम्ही स्पर्धेला एकत्र खोली घेतो.

---

टिंबर_मार्केट

काडी धर! हे वाचून चहा सांडला.

---

बाणेरचा_बाबा

मुलगी बारा वर्षांची आहे. मनू भाकरची दोन ब्राँझ बघून तिनं हट्ट धरलाय. आम्ही दोघंही या क्षेत्रातले नाही. प्रश्न भाबडे वाटले तर सांभाळून घ्या. १) घरात बंदूक ठेवायला लायसन लागतं का? २) सुरुवात पिस्तुलानं की रायफलनं? ३) एकूण खर्च किती? ४) धोका?

---

कोर्टाची_पायरी

पहिल्याचं उत्तर मी देतो. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा, या दोन्ही मर्यादांत बसणाऱ्या एअर रायफल-पिस्तुलाला लायसन लागत नाही. मॅच रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर जातो, म्हणजे ऊर्जा सव्वासात ज्यूलच्या आसपास. मर्यादेच्या खूप आत. पॉइंट टू-टूला (५० मीटरला वापरतात ती काडतुसाची रायफल) मात्र रीतसर लायसन हवं. खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत बंदुकीच्या पेटीतच ठेवा.

आणि लायसन नाही म्हणजे खेळणं नाही. पेटीत बंद करून न्यायची. गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, कबुतरांवर, काहीही नाही. सोसायटीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकू नका, हा कायद्याबाहेरचा सल्ला.

---

आधी_श्वास_मग_ट्रिगर

@बाणेरचा_बाबा, दुसऱ्याचं उत्तर तिलाच द्या. दोन्ही हाताळू दे. लहान मुलांना रायफलचं वजन पेलत नाही, म्हणून सुरुवातीला पुढे स्टँडचा आधार देतात आणि हळूहळू काढून घेतात. पाठ वाकवून, कंबर पुढे काढून वजन हाडांवर घेण्याची ती उभं राहण्याची पद्धत आहे, ती वाढत्या वयात चुकीची बसली तर पाठदुखी घेऊन बसाल. म्हणून कोच बघून घ्या, रेंजचा एसी बघून नको. कोच पहिले काही आठवडे नुसतं उभं राहायला आणि बिनछर्‍याचं ट्रिगर दाबायला लावत असेल तर तो चांगला. मुलं कंटाळतात. आयांना वाटतं फी वाया चाललीय.

धोक्याचं म्हणाल तर रेंजवर शिस्त कडक असते. नळी कायम टार्गेटकडे, बंदूक खाली ठेवली की नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), स्टॉप म्हटलं की स्टॉप. मला विचाराल तर बालेवाडी हायवेवरचं स्कूटर चालवणं जास्त धोक्याचं. एकच गोष्ट पालक विसरतात: छर्रे शिशाचे असतात. साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू द्यायचा नाही. लेनवर डबा उघडायचा नाही.

---

परखड

सगळं वाचलं. निष्कर्ष: श्रीमंतांचा खेळ. लाखाची बंदूक, जर्मन छर्रे, मापाचं जॅकेट. आणि गप्पा "उसनं मागा"च्या. ज्याला परवडतं तोच उसनं देऊ शकतो.

---

कर्वेनगरी

@परखड, अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं झाकायचं काही कारण नाही. वरच्या पातळीला पैसा लागतोच. नॅशनलची पात्रता गाठायची तर राज्य स्पर्धा, मग पुढच्या स्पर्धा, प्रवास, मुक्काम, प्रवेश फी. ५० मीटरला तर गोळ्यांचाच खर्च माणसाला झोपू देत नाही.

पण हौशीच्या पातळीला सगळ्यात मोठा खर्च चुकीच्या खरेदीचा असतो, तो उसनवारीनं वाचतो. आमच्याकडे एक रिक्षावाले दादा येतात. देशी बनावटीची साधी रायफल, ओपन साईट (साधी उघडी खाच). जॅकेट नाही. राज्य स्पर्धेत ओपन साईटचा वेगळा प्रकार असतो, त्यात ते उतरतात. त्यांचा ग्रुप (छिद्रं किती जवळजवळ पडलीत ते) बघून आम्ही पीप साईटवाले (बारीक भोकातून नेम धरणारे) आपापली टार्गेटं खिशात घालतो. त्यांना छर्रे कोण देतं, हे मी इथे लिहिणार नाही. देणाऱ्याला आवडणार नाही.

---

घड्याळजी

आणि ते तुर्की काका? खिशात हात, टी-शर्ट, साधा चष्मा, रौप्यपदक! सामान-बिमान सब झूट.

---

डावा_डोळा

@घड्याळजी, येणारच होतं हे. :)

युसुफ डिकेच. १० मीटर एअर पिस्तूल मिश्र दुहेरी, शेव्वल इलायदा तरहानबरोबर. सोनं सर्बियाला, आणि त्याच प्रकारातलं ब्राँझ मनू भाकर-सरबजोत सिंगला, हे आपल्याकडे फोटोच्या नादात लोक विसरले. काकांची ती पाचवी ऑलिंपिक. कानात बोळे होते, फोटोत पटकन दिसत नाहीत. हातात साधंसुधं नाही, मॅच पिस्तूलच होतं. दुसरा हात खिशात बरेच जण घालतात. तो हात मोकळा लोंबकळत ठेवला तर शरीर हलतं. स्टाईल नाही ती.

ते दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतात. ज्याला जमतं त्याला उत्तम. बाकीच्यांनी दुसऱ्या डोळ्यापुढे पांढुरका, अर्धपारदर्शक ब्लाइंडर (झापड) लावावा. डोळा मिटू नये, चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. काळा पुठ्ठाही लावू नये, झाकलेल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर नेम धरणाऱ्या डोळ्याचीही. दह्याच्या डब्याचं झाकण कापून लावा, फुकटात काम. रुंदी ३० मिलिमीटरच्या आत.

---

लक्ष्मी_रोड

चष्म्याचा विषय निघालाच आहे तर चाळिशी ओलांडलेल्यांसाठी.

पिस्तुलात पुढची साईट स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट धूसर चालतं. उलट झालं की नऊ, आठ, कधी सातसुद्धा. चाळिशीनंतर नेमकी पुढची साईटच धूसर व्हायला लागते. लोक वाचायचा चष्मा लावून येतात, मग टार्गेट पार गायब. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह तर विसराच, मान जरा हलली की जग बदलतं.

नंबर काढायला जाताना हात लांब करून मुठीपर्यंतचं अंतर दोरीनं मोजून न्या. पिस्तूल नेऊ नका. दुकानदार घाबरतात, पोलीस येतात. दूरच्या नंबरात साधारण +०.५० किंवा +०.७५ मिळवलं की बहुतेकांचं काम होतं. ट्रायल फ्रेम घालून, हात लांब करून अंगठ्याचं नख बघा: नखाच्या कडा स्पष्ट, समोरचा तक्ता किंचित विरघळलेला, हे योग्य. हे साध्या फ्रेममध्ये काही शे रुपयांत होतं. परदेशी शूटिंग फ्रेम नंतर बघा.

---

कर्वेनगरी

@लक्ष्मी_रोड, याचसाठी धागा काढला होता. अंगठ्याच्या नखाची युक्ती आमच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हती.

---

कागदी_टार्गेट

नमस्कार. वय ६६. फौजेतून निवृत्त, आता खडकीत.

आजच्या पोरांना स्क्रीनवर ताबडतोब १०.३ दिसतं. आमच्या वेळी दोरी ओढून कार्ड जवळ आणायचं, आणि छिद्र रेषेला लागलंय की नाही यावर दोन पंच भिंगातून बघत बसायचे. शंका आली की गेज (मापाची खुंटी) छिद्रात सरकवायचा. रेषेला स्पर्श झाला तर वरचा गुण. त्या दोन मिनिटांत नेमबाजाचं तोंड बघण्यासारखं असायचं.

१० मीटर एअर रायफलचे गुण २०१३ पासून दशांशात धरतात. म्हणजे जास्तीत जास्त ६०० ऐवजी ६५४. छर्र्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरवर गेला तर १०.०, आणि पाव मिलिमीटरच्या आत राहिला तर १०.९. प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश. पूर्वी दोघांनाही दहाच मिळायचे. मला ते जास्त माणुसकीचं वाटतं, पण माझं कोण ऐकतं.

महिलांना तेव्हा ४० गोळ्या असत, ६० झाल्या २०१८ पासून. २००४ मध्ये सुमा शिरूरनं ४०० पैकी ४०० मारले होते. त्याआधी २००० च्या सिडनीत अंजली भागवत फायनलला गेली तेव्हा आमच्या मेसमध्ये पेढे वाटले. पदक नव्हतं, तरी वाटले. आज लोक फायनलला गेलेल्या पोराला विचारतात, "मग पदक का नाही?"

---

आधी_श्वास_मग_ट्रिगर

@कागदी_टार्गेट काका, शेवटच्या ओळीला शंभर टक्के. पॅरिसला अर्जुन बबुता १० मीटर रायफलला चौथा आला. चौथा! आणि लोकांनी त्याला सांत्वनाचे संदेश पाठवले.

---

सिलिंडरवाला

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट कुणी लिहिलीच नाही. आधी सिलिंडर बघा.

एअर रायफल-पिस्तुलाला २०० बार दाबापर्यंत हवा भरलेला सिलिंडर लागतो. स्पर्धेच्या नियमात त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं, तारीख त्याच्यावर कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि ही जबाबदारी नेमबाजाची. विकणारे पिस्तुलाचे सोळा फोटो टाकतात आणि तारखेची बाजू बरोबर खाली ठेवतात. नवा सिलिंडर स्वस्त नसतो, तेव्हा व्यवहार ठरवतानाच तो धरा.

भरताना सावकाश भरा. झटक्यात भरला की गरम होतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. पावसाळ्यात हातपंपानं भरणाऱ्यांनी पंपातलं पाणी आधी सोडा, नाहीतर पुण्याची ओलसर हवा आत जाऊन बसते. विमानानं जाताना सिलिंडर रिकामा करून न्यावा लागतो, आणि पोचल्यावर भरायची सोय कुठे आहे हे आधी विचारून ठेवा.

छर्र्यांबद्दल: एकाच कंपनीचे ४.४९ आणि ४.५० वेगवेगळे लागतात, एवढंच काय, वेगवेगळ्या लॉटचे (एका वेळी बनलेल्या खेपेचे) सुद्धा. पाच जणांनी पाच लॉटचे डबे घ्या, रायफल शिकंज्यात बांधा, प्रत्येकी दहा-दहा मारून ग्रुप बघा. ज्याला जो लॉट मानवला तो त्यानं घ्यावा. एकट्यानं हा उद्योग केला तर दिवाळं. पण हे रायफलवाल्यांसाठी. साडेअकरा मिलिमीटरच्या दहाला लॉट टेस्टिंग करणारे पिस्तूलवाले मला फार गोड वाटतात.

---

डावा_डोळा

मी करतो.

---

सिलिंडरवाला

माहीत आहे.

---

बाणेरचा_बाबा

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन रेंज बघून आलो. एकीकडे पहिल्याच दिवशी छर्रा भरून दिला, मुलगी खूश. दुसरीकडे ताईंनी तिला बराच वेळ नुसतं उभं केलं आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी मोजे जाड घाल. मुलगी चिडली, पण घरी येऊन आरशासमोर तशीच उभी राहिली. दुसरीकडेच घालतोय.

एक अडचण. ती डावखुरी आहे आणि तिला पिस्तूलच हवंय. रेंजवर डाव्या हाताची ग्रिप नाही.

---

टिंबर_मार्केट

नेहमीचा प्रॉब्लेम. उजवी ग्रिप घासून डावी होत नाही, कुणी सांगितलं तरी करू नका. अंगठ्याचा कट्टाच उलट्या बाजूला असतो. अक्रोडाचा ठोकळा मिळाला तर मी कोरून देऊ शकतो, पण वेळ लागेल. तिच्या हाताची कागदावर पेन्सिलनं बाह्यरेषा काढून पाठवा, बोटं किंचित फाकवून.

---

डावा_डोळा

थांबा, ठोकळा कापू नका. माझ्याकडे जुन्या पिस्तुलाची डावी ग्रिप पडून आहे, मीडियम. बारा वर्षांच्या हाताला मोठी होईल, पण एम-सीलनं भरता येते. @बाणेरचा_बाबा, तिच्या रेंजवर पिस्तूल कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल, ते विचारून कळवा. बसत असेल तर रविवारी घेऊन येतो.

---

कर्वेनगरी

@डावा_डोळा, देणार? घरी न्यायला?

---

डावा_डोळा

ग्रिप देतोय. पिस्तूल नाही. आणि बसवायला मी स्वतः येणार, ॲलन की माझ्याकडेच राहील.